भोवळ येऊन पडलेल्या किमोच्या रुग्णाला घरी नेताना

एका मुलीने वडिलांविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांची किमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचे सलाइन आणि त्या दिवसापासून १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असा क्रम आहे. तिसऱ्या फेरीच्या दहाव्या दिवशी, आधीचे तीन दिवस जुलाब होत असताना, ते पहाटे लघवीला उठले आणि मोरीच्या दारातच कोसळले. मिनिटभरात शुद्धीवर आले, घरच्यांना ओळखले. रुग्णालयात सलाइन दिले, पोटॅशियम भरून काढले. हृदयाचा आलेख, इको आणि डोक्याचा सीटी स्कॅन ठीक आला. मूत्रपिंडाचे काम सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन दाखल केले तेव्हा १.९ होते, आता १.२ आहे, हिमोग्लोबिन ९.४ आहे. बारा वर्षांपासून रक्तदाब आणि मधुमेह आहे. उद्या घरी सोडणार आहेत. आईचे म्हणणे, ‘पूर्ण बरे झाल्याशिवाय नको.’ मुलीचे विचारणे असे की, नेणे घाईचे तर होणार नाही ना, अंघोळ-संडासचे काय करायचे, किमोच्या उरलेल्या गोळ्या द्यायच्या का, आणि पुन्हा कोसळले तर काय करायचे?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून घरी नेण्यात घाई होते आहे असे मला वाटत नाही. गेली २१ वर्षे मी किमो घेणाऱ्या रुग्णांच्या वॉर्डात काम करतो आहे, आणि अशा रुग्णाला दुसऱ्यांदा पाडणारी कारणे बहुतेक वेळा घरातच सापडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ती औषधांच्या डब्यात असतात, न प्यायलेल्या पाण्यात असतात आणि पहाटेच्या मोरीत असतात. तीन दिवस पलंगावर झोपवून, शिरेतून सलाइन देऊन सुधारलेला रक्तदाब घरी उठबस सुरू झाल्यावर तसाच टिकेल, असे धरून चालता येत नाही. म्हणून आईंच्या भीतीला मी उगीचची भीती म्हणणार नाही. फक्त त्या भीतीचा उपाय रुग्णालयात आणखी चार दिवस राहणे हा नाही.

उद्या डिस्चार्ज कार्ड हातात पडले की निदानाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी पाहा. पुष्कळदा तिथे नुसते ‘सिंकोप’ असे लिहिलेले असते. तो आजार नव्हे. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडून शुद्ध हरपली, एवढेच तो शब्द सांगतो. ते कशामुळे घडले हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय वॉर्ड सोडू नका, आणि ऐकलेले कार्डावर लिहून घ्या. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बहुधा असे घडले असावे: जुलाबांनी शरीरातले पाणी आणि क्षार गेले, तोंडाला चव नसल्याने पिणे कमी झाले, त्यातच रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे चालू राहिली. माणूस झोपेतून उठून उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून ते क्षणात सावरून घेते. शरीर सुकलेले असेल, वरून रक्तवाहिन्या सैल ठेवणारे औषध असेल, तर हे सावरणे जमत नाही. हिमोग्लोबिन ९.४ असल्याने माणूस सहसा कोसळत नाही, पण आधीच तोल जात असताना तेही त्यात भर घालते.

निघण्याआधी सिस्टरांना एक तपासणी आग्रहाने करायला सांगा, कारण गडबडीच्या वॉर्डात ती राहून जाते. वडिलांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडण्याचा दोष अजून शिल्लक आहे असे समजतात. आकडा उतरला पण चक्कर आली नाही, तर घरी जाता येते, मात्र पुढची सगळी काळजी दुप्पट घ्यावी लागते. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर एक दिवस थांबलेले बरे, आणि त्या दिवशी आईंचे ऐका. सलाइन बंद झाल्यावर निदान अर्धा दिवस तोंडाने खाऊन-पिऊन, वॉर्डातल्या संडासापर्यंत चालून ते ठीक राहिले आहेत का, हेही पाहा. घरचे रक्तदाबाचे यंत्र दंडाला बांधायचे असावे, आणि ज्या हातात किमोसाठी लांब नळी ठेवली असेल त्या हाताला ते बांधू नये.

आता औषधांच्या डब्याकडे येतो, कारण माझी एक चूक त्यात आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका आजींना मी घरी सोडले. कार्डावर रक्तदाबाची गोळी ‘बंद’ असे मी इंग्रजीत लिहिले होते, नवी औषधे नीट समजावून दिली होती, आणि जुन्यांचा विषय तिथेच संपला असे मला वाटले. चौथ्या दिवशी आजी कपाळाला चार टाके घेऊन परत आल्या. मुलाने घरचा डबा आणला होता, शेवयांचा गोल स्टीलचा डबा. तो पलंगावर पालथा केला तर त्यातून १९ पट्ट्या निघाल्या, आणि त्यांत बंद केलेली गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी होती. आजी त्यातली एक रोज सकाळी घेत होत्या, कारण ‘ही पांढरी गोळी जन्मभर चुकवायची नाही’ असे त्यांना दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांनी आज्ञा पाळली होती. चूक माझी होती. तेव्हापासून मी कार्डाच्या मागे ठळक मराठीत दोन याद्या लिहितो, चालू आणि बंद, आणि बंद झालेल्या पट्ट्यांवर नातेवाइकांसमोर लाल पेनने फुली मारतो.

तुमच्या वडिलांची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी जोडगोळी असेल, तर तिच्यातला दुसरा घटक लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. जुलाब होत असताना शरीर जे वाचवू पाहते तेच तो घालवतो. शिवाय शरीर सुकलेले असताना हे दोन्ही घटक मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढण्यात त्यांचा वाटा असू शकतो. ही गोळी त्यांना सुरू झाली तेव्हा त्यांचे वजन किती होते आणि आज किती आहे, हे डॉक्टरांना सांगा. कर्करोगात दहा-बारा किलो वजन उतरलेल्या माणसाला जुनाच डोस पुष्कळदा जड होतो. गोळी बंद ठेवायची, कमी करायची की बदलायची, हे तुम्ही ठरवू नका. पण हा प्रश्न विचारल्यावाचून निघूही नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी रात्रीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. तीही उभे राहताना रक्तदाब उतरवते, आणि तिच्याविषयी सांगायचे कोणालाच आठवत नाही, कारण ती ‘लघवीची गोळी’ असते.

मधुमेहाच्या गोळ्यांचे तसेच आहे. ग्लिमेपिराइड घेऊन माणूस जेवला नाही तर साखर घसरते, आणि साखर घसरून आलेली भोवळ बाहेरून साधारण अशीच दिसते, फक्त घाम, थरथर आणि असंबद्ध बोलणे अधिक असते व ती आपोआप उतरत नाही. मूत्रपिंडावर ताण असताना मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर घालवणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे जुलाब-उलट्यांच्या दिवसांत सहसा थांबवावी लागतात. म्हणून नियम असा मागून घ्या: जेवण निम्म्याहून कमी झाले, किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर त्या दिवशी कोणती गोळी द्यायची नाही? याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असले की रात्री अकरा वाजता कोणाला फोन करायचा याची शोधाशोध करावी लागत नाही. घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ७० च्या खालच्या आकड्याला लगेच साखरेचे पाणी द्यायचे, अर्थात माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तरच.

पाण्याविषयी ‘भरपूर प्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण मळमळणाऱ्या माणसाला भरपूर पिणे जमत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेले नसेल, तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर पातळ पदार्थ पोटात जावेत. त्यासाठी अर्ध्या-अर्ध्या तासाने अर्धी वाटी, घोट-घोट असे द्या आणि तांब्यावर खूण करून ठेवा. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ मुगाचे पाणी, हिंग-मीठ घातलेले वरणाचे निवळ पाणी चालते. दूध जुलाब थांबेपर्यंत बाजूला ठेवा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. ते क्रिएटिनिन चढलेले असताना आपल्या मनाने रोज देऊ नका, विचारून द्या. जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचे. पेल्याला चमचाभर असे टाकले की प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. दुकानातल्या गोड खोक्यांना ओआरएस समजू नका. नावात ओआरएस मिरवणाऱ्या अशा पेयांना २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चाप लावला, पण त्या सवयी घराघरांत अजून आहेत. मधुमेह आहे म्हणून खरे ओआरएस टाळायचे नसते. जुलाब होत असताना ते औषध आहे. साखर मोजत राहायची, एवढेच. आणि हे सगळे कोमट किंवा साध्या तापमानाचे असू द्या: ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो, घाबरून माणूस पिणेच सोडून देतो, आणि घरच्यांना वाटते की त्यांना तहान नाही.

उठण्याची रीत मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि तीत सूट देऊ नका. जाग आली की आधी पडल्या पडल्याच पावले दहा-वीस वेळा खालीवर हलवायची. मग कुशीवर होऊन उठून पाय खाली सोडून दोन मिनिटे बसायचे. उशाशी ठेवलेले पेलाभर पाणी प्यायचे. मग कशाला तरी धरून उभे राहायचे आणि लगेच पाऊल न टाकता मनात वीसपर्यंत मोजायचे. अंधारी येते आहे असे वाटले तर पायावर पाय घट्ट आवळून, मुठी वळून ताण द्यायचा आणि तिथल्या तिथे खाली बसायचे. ‘दोन पावलांवर तर खुर्ची आहे’ असे म्हणून पुढे गेलेलेच पडतात. रात्री लघवीसाठी पलंगाशेजारी भांडे किंवा खुर्चीचा कमोड ठेवा. पुरुषांना हे आवडत नाही, वडील नाराज होतील. निदान महिनाभर लघवी बसूनच करावी, कारण मूत्राशय रिकामे होताना रक्तदाब आणखी उतरतो आणि पहाटेचे बहुतेक अपघात नेमके त्या वेळी होतात.

मोरीचे तपशील सांगतो, कारण हे कोणत्याही कार्डावर नसते. आपल्याकडे मोरी उंबरठ्याच्या खाली चार बोटे असते, शहाबादी फरशी ओली असते, बंबाचे किंवा गिझरचे कडक पाणी बादलीत असते, आणि माणूस बुटक्या पाटावर बसून अंघोळ उरकून एकदम उभा राहतो. गरम पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात. म्हणून पाणी कोमट, पाटाऐवजी पाठ असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची, पायांखाली रबरी चटई, आणि अंग पुसून कपडे घालेपर्यंत खुर्चीतच. उपाशीपोटी अंघोळ नको, जेवणानंतर लगेचही नको. दाराची कडी आतून लावायची नाही. लाज वाटत असेल तर पडदा लावा आणि बाहेर बसलेल्याने अधूनमधून हाक मारावी. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर उकिडवे बसून उठण्याने अशा रुग्णाला हमखास घेरी येते. वर ठेवायची कमोडची खुर्ची औषध-दुकानदार भाड्यानेही देतात. स्कूटर सध्या बंद, आणि ती पुन्हा कधी चालवायची हे डॉक्टरांना विचारूनच. एकादशी-चतुर्थीचे उपास किमो संपेपर्यंत देवाला सांगून बाजूला ठेवता येतात. मी पाहिलेल्या एकाही देवाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

पुन्हा कोसळलेच, तर त्यांना उचलून बसवू नका, तेच सर्वांत घातक असते. जिथे आहेत तिथे आडवे झोपवा, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच करा, गळ्याचे बटण सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात पाणी, साखर, चमचा काही घालू नका; कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. शुद्ध हरपलेली असताना हातापायांना दोन-चार झटके आले तर ती लगेच फिट समजू नका, साध्या भोवळीतही तसे होते. पण झटके लांबले, जिभेची कड चावली गेली, किंवा नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला राहिला, तर ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्या, कारण तपासणीची दिशा तिच्यावर ठरते. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, किंवा श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा. शुद्ध आली तरी अर्धा तास आडवेच राहू द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोक्याला मार लागला असेल तर ‘वर काही दिसत नाही’ म्हणून थांबू नका. किमोने प्लेटलेट उतरलेल्या असू शकतात, रक्त पातळ करणारी औषधेही चालू असू शकतात, आणि अशा वेळी आतला रक्तस्राव उशिरा कळतो.

आतापर्यंत सांगितले ते उभे राहताना येणाऱ्या भोवळीविषयी. बसल्या-झोपल्या आलेली, चालताना किंवा जिना चढताना आलेली, अथवा काहीही पूर्वसूचना न देता आलेली भोवळ वेगळी असते. तिच्यासोबत छातीत दुखणे, धडधड, अचानक दम लागणे किंवा एकाच पायाला सूज असेल, तर हृदय किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी हा प्रश्न असतो, आणि त्यासाठी घरी थांबायचे नसते. कर्करोगात गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो, शस्त्रक्रियेनंतर आणि अंथरुणावर पडून असताना अधिकच. कॅपेसिटाबिनने क्वचित हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसून छातीत दुखते. तसे कधी झाले असेल आणि ‘गॅस असेल’ म्हणून सोडून दिले असेल, तर ते आत्ताच सांगा. उलट्यांसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन पोटॅशियम कमी असताना ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकते, म्हणून पोटॅशियमची तपासणी तीन-चार दिवसांत पुन्हा व्हायला हवी. काळी शी, रक्ताची उलटी किंवा शीतून रक्त, हीदेखील त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे आहेत.

ताप हा वेगळा विषय नाही, म्हणून इथेच सांगतो. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे तासाभरात रुग्णालय गाठणे, मग रात्र असो वा सणाचा दिवस. काखेत मोजल्यास आकडा थोडा कमी येतो, तेव्हा तिथे १०० दिसले तरी फोन करा, आणि मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळे रक्तदाब पडून आलेली भोवळ पाणी पाजून सुधारत नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली, हातपाय गार पडले, लघवी सहा-आठ तास झाली नाही, तर ताप नसला तरी तेच करायचे.

कॅपेसिटाबिनच्या उरलेल्या गोळ्यांविषयी: त्या आपण होऊन पुन्हा सुरू करू नका. जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा त्याहून जास्त वाढले की ही गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. ते दहाव्या दिवसाआधीच व्हायला हवे होते. याचा दोष वडिलांना देऊ नका, बहुतेक रुग्ण ‘एक गोळी चुकली तर आजार उलटेल’ या भीतीने ती रेटत राहतात. चुकलेले डोस नंतर भरून काढायचे नसतात. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन चढलेले असताना त्याचा त्रास वाढतो, आणि पुढची फेरी काही दिवस पुढे ढकलून कमी डोसने द्यायची असे कदाचित ठरेल. डोस थोडा कमी होणे म्हणजे उपचार हरणे नव्हे. पडून मांडीचे हाड मोडले तर मात्र किमो खरोखरच महिनोन्‌महिने थांबते. जुलाब थांबवणारी गोळी घरी ठेवा, पण ताप किंवा रक्त असताना ती विचारल्याशिवाय देऊ नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक आडवळण. आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग फार आहे. मानेत गाठ असलेल्या किंवा मानेला रेडिएशन झालेल्या रुग्णाला मान वळवताना, गिळताना किंवा दाढी करताना भोवळ येत असेल, तर कारण मानेतल्या रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांत असू शकते. पाणी-मिठाने ते भागणार नाही. तसेच बरेच दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेऊन ते एकदम बंद केलेल्या रुग्णाला अशक्तपणा, मळमळ आणि भोवळ आली तर ‘गोळी कधी बंद केली’ ते डॉक्टरांना आधी सांगा.

आईंना सांगा की पहिले आठ दिवस त्यांनी एकटीने हे ओढायचे नाही. पहाटे चार ते सहा आणि अंघोळीची वेळ, एवढ्या दोन वेळांना दुसरे कोणीतरी घरात असले तरी पुष्कळ होते. वहीत रोज चार गोष्टी लिहा: सकाळी आडवे व उभे असतानाचा रक्तदाब, वजन, किती वेळा शी झाली, किती पाणी गेले. दोन दिवसांत किलोभर वजन उतरले तर ते पाणीच गेले असे समजा आणि फोन करा. तीन-चार दिवसांनी रक्त तपासायला याल तेव्हा ती वही आणा, आणि औषधांचा तो डबाही, जसा आहे तसा, आवरून न ठेवता.